गल्लीचा इतिहास जपायचा कसा? सोलापूरच्या उदाहरणासह घरातल्या पेटीपासून चौकातल्या प्रदर्शनापर्यंत

शहराचा मोठा इतिहास ग्रंथांत आणि गॅझेटिअरांत सुरक्षित असतो. सोलापूरचंच घ्या. १८६० साली रेल्वे आली, १८७७ च्या सुमारास जुनी मिल सुरू झाली, मे १९३० मध्ये मार्शल लॉ (लष्करी कायदा) लागला, १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी झाली. हे कुणी पुसू शकत नाही. पुसलं जातं ते त्याच्या खालचं: मिलच्या कोणत्या खात्यात कोणत्या गल्लीतली माणसं होती, बदली कामगार सकाळी कुठे उभे राहत, तेलुगू विणकरांच्या पूर्व भागातल्या कोणत्या घरात पहिला यंत्रमाग बसला. हे सगळं घराघरांतल्या पेट्यांत आणि सत्तरी-ऐंशीच्या माणसांच्या तोंडी आहे.

त्यात सगळ्यात आधी नष्ट होते ती वस्तू नव्हे, वस्तूची ओळख. फोटो शंभर वर्षं टिकतो, पण त्यात कोण आहे हे सांगणारी आजी गेली की तो कुणाचाही फोटो होतो. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीत स्कॅनर, कपाट, फलक या सगळ्यांपेक्षा नोंदीला जास्त महत्त्व दिलं आहे.

आवाका लहान ठेवा

‘सोलापूरचा इतिहास’ असा विषय घेतलेले गट बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांत थांबतात. एक पेठ, एक मिलचाळ, एक गणेश मंडळ, एक शाळा किंवा एकच व्यवसाय घ्या. उदाहरणार्थ, ‘लक्ष्मी, विष्णू आणि नरसिंग गिरजी मिलमधल्या कामगारांची घरं, १९५० ते मिल बंद पडेपर्यंत’. त्याच्या हद्दी कागदावर आखा. पाच-सहा माणसं पुरतात: दोघं मुलाखतींना, एक स्कॅनिंगला, एक नोंदवहीला आणि एक लोकांशी बोलायला. पूर्व भागात काम करायचं तर यातल्या एकाला तेलुगू अस्खलित यायला हवं. नई जिंदगी किंवा शास्त्रीनगरसारख्या भागात उर्दू-दखनी बोलणारं कुणी हवं, आणि कित्येक लिंगायत घरांत कन्नडशिवाय गप्पा रंगत नाहीत. हे नंतर बघू म्हटलं की अर्धं शहर सुटतं.

आधी दफ्तरं, मग दारं

माणसांकडे जाण्याआधी कागद वाचून जा. त्यामुळे प्रश्न नेमके पडतात आणि समोरच्यालाही वाटतं की हे तयारीनं आलेत.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोलापूर जिल्ह्याचा खंड १८८४ चा आहे. पेठा, बाजार, व्यवसाय, जाती, पाणीपुरवठा हे सगळं त्यात आहे. अर्थात तो साहेबाच्या नजरेतून लिहिलेला आहे हे विसरू नका. ‘अमुक जात आळशी’ यासारखं वाक्य दिसलं तर ते साहेबाच्या मताचा पुरावा म्हणून वापरा, त्या जातीचा नव्हे. घर आणि जागा शोधायची तर नगर भूमापन कार्यालयातलं मालमत्ता पत्रक आणि जुनी चौकशी नोंदवही बघा. मालकी कशी बदलत गेली याची साखळी तिथे मिळते. जिल्हाधिकारी कार्यालयाचा अभिलेख कक्ष, पुण्याचं पुराभिलेखागार आणि मुंबईतलं महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार ही पुढची ठिकाणं. जुन्या इंग्रजी सूचींत शहराचं स्पेलिंग ‘शोलापूर’ या उच्चाराचं असतं. फक्त आजच्या स्पेलिंगनं शोधलं तर निम्म्याहून जास्त फायली दिसतच नाहीत.

तारखांचा घोळ इथेच निस्तरा. इसवी सन काढायला शालिवाहन शकात चैत्र ते डिसेंबरअखेर ७८ मिळवा आणि जानेवारी ते फाल्गुन ७९. महसुली कागदांतल्या दख्खनी फसली सनात जून ते डिसेंबर ५९० आणि जानेवारी ते मे ५९१. पेशवाईच्या कागदांतल्या सुहूर सनात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९, त्यापुढे ६००. मूळ तारीख जशीच्या तशी लिहा आणि इसवी सन शेजारी वेगळा लिहा, कारण चूक झाली तर मुळावरून पुन्हा मोजता येतं.

मोडी कागद सापडला की ‘वाचता येत नाही’ म्हणून बाजूला पडतो. तसं करू नका. स्कॅन करून नोंद करा, आणि वाचक मिळेपर्यंत ‘मोडी, न वाचलेला’ असा शेरा ठेवा.

सगळ्यात दुर्लक्षित साधन म्हणजे स्मरणिका आणि अहवाल. गणेश मंडळांचे जमाखर्च, शाळांची सुवर्णमहोत्सवी पुस्तकं, पतपेढ्यांचे वार्षिक अहवाल, व्यायामशाळांच्या पावत्या. त्यातल्या जाहिराती तर आधी वाचा. कोणतं दुकान कुठल्या बोळात होतं, चादर कोणत्या नावानं विकली जायची, हे तिथे पत्त्यासकट छापलेलं असतं.

घरातून वस्तू न्यायची नाही

हा नियम पहिल्या दिवशीच ठरवा: मूळ वस्तू घराबाहेर जाणार नाही. स्कॅनर घरी न्या, काम तिथेच करा, वस्तू हातोहात परत द्या. अगदीच न्यावी लागली तर दोन प्रतींत पावती करा. त्यावर प्रत्येक वस्तूचं वर्णन, आधीपासून असलेला फाटका कोपरा किंवा डाग, आणि परत देण्याची तारीख हवी. ‘चार दिवसांत देतो’ म्हणून नेलेला अल्बम एकदा हरवला की त्या गल्लीत पुढचं दार उघडत नाही.

लोक म्हणतात, “आमच्याकडे काय असणार?” त्यांना ‘ऐतिहासिक कागद’ मागू नका. नावानं मागा: मिलचं तिकीट, पगाराची चिठ्ठी, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, विडी कामगाराचं कार्ड, लग्नपत्रिका, रेशनकार्ड, चादरीचा नमुना, जॅकार्डची (मागावर नक्षी विणण्याच्या यंत्रणेची) भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत काढलेला फोटो. मग पेटी उघडते.

जमिनीत सापडलेली नाणी किंवा मूर्ती कुणी दाखवली तर प्रकरण वेगळं असतं. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या अशा वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ती तुमच्या संग्रहात घेऊ नका.

स्कॅनिंग

साधा फोटो ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) करा. ४ बाय ६ इंचांचा फोटो २४ बिट रंगात साधारण २६ एमबीची टिफ फाइल देतो. पासपोर्ट आकाराचे छोटे फोटो १२०० डीपीआय, ३५ मिमी निगेटिव्ह ३२०० च्या आसपास, लिहिलेले-छापलेले कागद ४००. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा. पिवळटपणा, शाईचा रंग आणि शिक्का यांतून काळ ओळखता येतो. ‘सुधारणा’ करणारे सगळे पर्याय बंद ठेवा. मूळ प्रत टिफमध्ये ठेवून कधीच बदलायची नाही, वाटपासाठी वेगळी जेपेग काढायची.

यूएसबीवर चालणारे पातळ स्कॅनर काचेला टेकलेलाच भाग स्पष्ट टिपतात. जाड अल्बम किंवा शिवलेली वही ठेवली की मधली घडी धूसर येते. तिथे दाबू नका, अल्बमची किंवा वहीची बांधणी तुटेल. मोबाइल किंवा कॅमेरा स्टँडला लावून वरून फोटो घ्या. वस्तू खिडकीशेजारी सपाट ठेवा, समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा म्हणजे सावली मऊ होते. फ्लॅश नको, पंखा बंद, आणि चौकटीत एका कडेला सेंटिमीटरची पट्टी.

चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो घट्ट बसलेले असतात. ओढले तर फाटतात. पानासकट स्कॅन करा. काढणं भागच असेल तर दात साफ करायचा धागा फोटोखालून हळूहळू करवतीसारखा फिरवा. केस वाळवायचं यंत्र लावून गोंद सैल करायला जाऊ नका, फोटोवरचा थर आधी सुटतो.

आणि प्रत्येक फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, ‘काकांकडून’ अशी ओळ, हे मागेच असतं.

काळ ठरवताना तपशील कामाला येतात. पावतीवर आणे असतील तर ती बहुधा एप्रिल १९५७ पूर्वीची. कागदावर ‘मुंबई राज्य’ छापलं असेल तर मे १९६० च्या आधीचा, ‘सोलापूर महानगरपालिका’ असेल तर १९६४ नंतरचा. पत्त्यात पिनकोड असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरचा. रिक्षाच्या पाटीवर ‘एमएच १३’ दिसलं तर फोटो १९८९ च्या अलीकडचा. जुने छापील कागद वर्षानुवर्षं वापरत राहण्याची सवय सगळ्याच कचेऱ्यांना होती, म्हणून एका खुणेवर विसंबू नका, दोन तरी जुळू द्या.

नोंदवही

प्रत्येक वस्तूला कायमचा क्रमांक: देणाऱ्या घराचा तीन आकडी, मग वस्तूचा चार आकडी, मग बाजू. ०१२-०००७-२ म्हणजे बाराव्या घराच्या सातव्या वस्तूची मागची बाजू. संगणकावरचं नाव रोमन लिपीत किंवा नुसत्या आकड्यांत, मोकळी जागा न सोडता द्या, कारण काही जुन्या प्रणालींत देवनागरी नावं चौकोन होऊन जातात. ‘आजोबा फोटो नवीन अंतिम’ या नावाची फाइल पाच वर्षांनी कुणालाही सापडत नाही.

रकाने असे: वस्तू काय, मोजमाप, काळ आणि त्या काळाचा आधार, ठिकाणाचं जुनं आणि आजचं नाव, माणसं (मागची ओळ, मधली ओळ, पुढची ओळ, डावीकडून उजवीकडे), ही माहिती कोणी आणि कोणत्या तारखेला दिली, मूळ कोणाकडे आहे, परवानगी कशाची. ‘माहिती कोणी दिली’ हा रकाना लोक टाळतात आणि सगळ्यात जास्त पस्तावा त्याचाच होतो. मिलच्या फाटकासमोरच्या एका फोटोत पुढच्या ओळीतला पगडीवाला एक जण जॉबर (मिलमधला कामगारांवर देखरेख करणारा) सांगतो, दुसरा मुकादम. दोन्ही म्हणणी नावांसकट लिहून ठेवा. आज खरं कोणतं ते ठरवण्याची घाई नको.

मुळावर काही लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलनं, मागच्या कडेला, फोटो कठीण सपाट जागेवर ठेवून, हलक्या हातानं. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. लॅमिनेशन तर कधीच नाही, ते पुन्हा काढता येत नाही. सेलोटेपही नाही. तिचा गोंद तपकिरी होऊन कागदात मुरतो.

मुलाखत

सगळ्यात वयस्क आणि तब्येतीनं नाजूक असलेल्यांना आधी गाठा, मग बाकीच्यांना. पहिली भेट ध्वनिमुद्रणाशिवाय असू द्या. चहा घ्या, फोटो बघा, कुणाबद्दल काय विचारायचं ते मनात नोंदवा. दुसऱ्या भेटीला यंत्र काढा.

ध्वनी डब्ल्यूएव्ही स्वरूपात ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते. कॉलर माइक हनुवटीपासून वीतभर खाली, पदरावर किंवा मण्यांवर घासणार नाही असा. आवाजाची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास. मोबाइलवर करत असाल तर विमान मोड लावा. पंखा, फ्रीज, टीव्ही बंद करायची विनंती करा आणि निघताना फ्रीज पुन्हा चालू केल्याची खात्री करा. पूर्व भागात घरालाच लागून साचे, म्हणजे यंत्रमाग, असतात. त्या खडखडाटात बोलणं वाया जातं, म्हणून सुटीचा दिवस मागा. मात्र चालत्या साच्याचा आवाज एकदा स्वतंत्रपणे चार-पाच मिनिटं नक्की टिपा. तो आवाजही शहराचाच ऐवज आहे.

सुरुवातीला तारीख, जागा, दोघांची नावं आणि “हे बोलणं जपून ठेवायला तुमची हरकत नाही ना?” हा प्रश्न ध्वनीतच येऊ द्या. लेखी संमतीत चौकटी वेगवेगळ्या हव्यात: फक्त जतन, अभ्यासकांना ऐकवणं, प्रदर्शन, इंटरनेट. नाव द्यायचं की नाही, तेही विचारा. संमतीपत्र त्या माणसाच्या भाषेत असावं आणि सहीआधी मोठ्यानं वाचून दाखवावं.

“तेव्हाचं सोलापूर कसं होतं?” असं विचारलं की “छान होतं” एवढंच उत्तर येतं. कामाचं, हाताचं, वाटेचं विचारा. “पहिल्या पाळीला घरून किती वाजता निघायचात आणि कुठल्या रस्त्यानं?” “भोंगा किती वेळा व्हायचा?” “साळखात्यात (विणाई खात्यात) एका माणसाकडे किती साचे असायचे?” “सुताचा तुकडा तुटला तर गाठ कशी मारायचात, दाखवा बरं.” हात हलू लागले की आठवण येते. विडी वळणाऱ्या बाईंना पानं आणि सूप समोर असताना विचारा, खुर्चीत बसवून नव्हे. नवरा किंवा मुलगा मधे उत्तर देऊ लागला तर त्याची मुलाखत वेगळी ठरवा आणि त्याला तसं मानानं सांगा.

प्रश्न विचारून गप्प बसा. पाच-सहा सेकंदांची शांतता अवघड वाटते, पण खरी गोष्ट बहुधा तिच्यानंतर येते. एका बैठकीला तास-सव्वा तास पुरे.

१९३० चा मार्शल लॉ स्वतः पाहिलेलं आता जवळपास कुणी उरलेलं नाही. आज जे सांगतात ते आईवडिलांकडून ऐकलेलं असतं. म्हणून प्रत्येक घटनेला ‘पाहिलेलं’, ‘ऐकलेलं’, ‘वाचलेलं’ अशी खूण करा. ऐकलेलं कमी दर्जाचं नाही. ‘आमच्या आजोबांनी गांधी टोपी तांदळाच्या डब्यात लपवली होती’ अशी आठवण घर काय जपतं ते सांगते. तारीख-वार मात्र त्यावरून ठरवायचे नाहीत.

मुलाखत झाल्यावर त्याच दिवशी दोन प्रती करा आणि आठवड्याभरात घरच्यांना पेनड्राइव्हवर एक प्रत पोचवा. शब्दन् शब्द उतरवायला तासाच्या बोलण्याला पाच-सहा तास लागतात. सगळ्यांचं जमत नाही. मग दर पाच मिनिटांना दोन ओळींचा गोषवारा करा. उतरवताना सोलापुरी बोली ‘शुद्ध’ करायची नाही. तेलुगू बोलणं आधी तेलुगूत उतरवा, मराठी अनुवाद शेजारी.

जपणूक

संगणकावर तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक शहराबाहेर. पुण्याला राहणाऱ्या सदस्याच्या घरची हार्डडिस्कही चालते. पेनड्राइव्ह नेण्या-आणण्यापुरता. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की तो लहान होऊन जातो, मूळ म्हणून तो कधी घेऊ नका. पाठवायचंच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

घरच्या मूळ वस्तूंसाठी लोकांना एवढं सांगा: माळ्यावर नको, उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी होते. बाहेरच्या भिंतीला टेकवून नको. लोखंडी कपाट, जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून हातभर नसलं तरी चार बोटं तरी दूर. पीव्हीसीच्या मऊ पिशव्या फोटोला चिकटतात. आम्लमुक्त कागदाची पाकिटं किंवा पॉलिप्रोपिलीनची पारदर्शक पाकिटं घ्या. डांबराच्या गोळ्या फोटोंजवळ ठेवू नका. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघा, कसर आणि वाळवी तेव्हाच सापडते.

भिजलेले कागद ४८ तासांत बुरशी धरतात. टीपकागद घालून पंख्याखाली सावलीत वाळवा. खूपच असतील तर पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा आणि थोडे थोडे काढा. एकमेकांना चिकटलेले ओले फोटो तसेच वाळू देऊ नका. थंड स्वच्छ पाण्यात सोडवून, चेहरा वर करून वाळवा.

लोकांपुढे मांडताना

जमवलेलं कपाटात राहिलं तर पुढच्या वेळी कुणी पेटी उघडत नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांतच एक लहान प्रदर्शन करा, ज्या गल्लीतून वस्तू आल्या त्याच गल्लीत. सोलापुरात दिवस निवडायला सोपा आहे: १२ जानेवारीचा हुतात्मा दिन आणि लगेच येणारी सिद्धेश्वरांची यात्रा. बाहेरगावी गेलेली माणसं तेव्हा घरी असतात. पूर्व भागासाठी नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव.

फोटो ए-३ आकारात छापा. त्यासाठी फाइल साधारण ३५०० बाय ४९६० पिक्सेलची हवी. मध्य डोळ्यांच्या पातळीला, जमिनीपासून १४५ सेंमीवर. मजकूर ६० ते ८० शब्दांत, मराठी आणि तेलुगू दोन्ही, एक मीटरवरून चष्म्याशिवाय वाचता येईल असा. मूळ कागद मांडवात मांडू नका, छापील प्रतीच ठेवा.

सगळ्यात गर्दी होते ती ‘यांना ओळखता का?’ या फलकापाशी. समूहफोटो मोठा छापा, शेजारी फक्त चेहऱ्यांची बाह्यरेषा काढून आकडे घाला, खाली दोरीला पेन बांधलेली वही. ‘७ क्रमांक माझे सासरे’ अशा नोंदी तिथे होतात, आणि नाव-फोन लिहिणाऱ्याच्या घरी पुढची मुलाखत ठरते. वहीजवळ एक माणूस कायम हवा, नाहीतर मुलं तिच्यात चित्रं काढतात.

पायी फेरी काढायची तर दोन किलोमीटर, दोन तास, सात थांबे, जास्तीत जास्त वीस माणसं. त्यापुढे मागच्यांना ऐकू जात नाही. मार्च ते मे सकाळी साडेसहाला निघा. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव, चार हुतात्मा चौक, महापालिकेची इंद्रभुवन इमारत अशी वाट धरता येते. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, त्यामुळे वेळ, तिकीट आणि स्टँड लावून चित्रण करण्याची परवानगी आधी बघा. ज्या घरासमोर थांबणार त्या घरी आदल्या दिवशी जाऊन सांगा. आणि प्रत्येक थांब्यावर निदान एक जुना फोटो हातात धरा, त्याच कोनातून काढलेला.

इंटरनेटवर टाकण्याआधी हक्क तपासा. भारतात २०१२ च्या कायदा दुरुस्तीपासून फोटोचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं असतो; त्याआधी तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षं होता. पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. कायद्याच्या पलीकडेही काही गोष्टी असतात. हयात माणसाचा आजार, जुना खटला, जातीवरून झालेला अपमान, संपात कोण फुटला, हे मुलाखतीत येतं. ते जपून ठेवा, पण त्या माणसाला विचारल्याशिवाय जाहीर करू नका. संपातल्या फुटीची गोष्ट तर दोन्ही बाजूंच्या घरांतून ऐकल्याशिवाय फलकावर लावूच नका.

चुका निघणारच. प्रत्येक फलकाच्या आणि पानाच्या तळाशी दुरुस्ती कळवण्याचा पत्ता द्या. आलेली दुरुस्ती नोंदवहीत तारखेसह लिहा, जुनी नोंद खोडू नका. वर्षातून दोनदा, समजा गुढीपाडव्याला आणि दिवाळीत, सगळ्या डिस्क जोडून प्रत्येक घराच्या क्रमांकातली एक-एक फाइल उघडून बघा. डिस्क पाच वर्षांची झाली की ती चालत असली तरी नवी घ्या.